श्वासाला नऊ गुण

आमच्या घरात गाण्याला कारण लागायचं. मोर्चा असेल, सभा असेल, पत्रकांचा गठ्ठा दुमडायचा असेल, तर गाणं. नुसतं बसून गाणं ऐकणाऱ्या माणसाकडे वडील असे बघायचे, जणू तो घरी नळ उघडा टाकून आलाय. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवर. 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'समन्यायी' वाचता येत होतं, असं आई सांगते. थोडं वाढवून सांगत असेल, पण फार नाही.

म्हणून ट्रान्स संगीत मी चोरून ऐकायचे. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते: एकसारखा ठोका चालू असतो, त्यावर सूर चढत जातात, अगदी वर गेल्यावर ठोका अचानक थांबतो आणि एखाद्या बाईचा आवाज एकटा उरतो. मग ठोका परत पडतो. बस, एवढंच. यात कुणाची मागणी नाही, कुणाचा निषेध नाही. मला ते का आवडतं, याचं उत्तर वडिलांनी विचारलं असतं तर माझ्याकडे नव्हतं.

दुष्काळाची वर्षं होती. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत नळाला आठवड्याने पाणी यायचं, तेही कधी यायचं ते सांगता येत नव्हतं. आणि त्याच दिवसांत बायपासच्या बाजूला इमारतींवर इमारती चढत होत्या, त्यांच्या पाट्यांवर निळ्याशार तलावात पोहणारी मुलं. त्या पाट्यांवर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं. टँकरवर माझी पाळी आली की मी इअरफोन घालून उभी राहायचे. एकदा ठोका थांबून आवाज एकटा उरला, आणि मला इतकं बरं वाटलं की हंडा भरून वाहायला लागलेला कळलाच नाही. शेजारच्या काकूंनी पाइप ओढून घेतला. "पत्रकं दुसऱ्यांना वाटती व्हय तू?" म्हणाल्या. सांडलेलं पाणी मी फडक्याने टिपून बादलीत पिळलं. ते कशालाच उपयोगी नव्हतं, पण पिळलं.

माझा मावसभाऊ फ्लेक्सच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटरवर संगीत करायचा. मराठीत ट्रान्सचं एक गाणं करायचं असं त्याच्या डोक्यात आलं, आणि शब्द मी लिहावेत असंही. माझी चोरी घरात त्याला एकट्याला माहीत होती. चोरीला कारण मिळालं, म्हणून मी खूश झाले. पाण्यावर लिहिलं. "पाणी सगळ्यांचं, तर तहान आमची का" अशी एक ओळ होती.

"ही ओळ गाता येत नाही," भाऊ म्हणाला. "हिला घोषणा म्हणतात."

"मग गाता येणारं माणूस आण."

त्याने आणलं. चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला असणारी मुलगी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. कंपनीच्या स्नेहसंमेलनात त्याने तिला ऐकलं होतं. तिच्यासोबत तिचे वडील आले. घरची शेती अर्धी कंपन्यांच्या रस्त्यात गेलेली, उरलेली ते स्वतः करायचे; पांढरी टोपी, हातात पिशवी. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, त्या उकाड्यात ते कोपऱ्यातल्या स्टुलावर हलले नाहीत. ती गायली. माझी घोषणा तिच्या तोंडात विचारणं झाली, खरंच कुणालातरी विचारल्यासारखी. दोन ओळींच्या मधे ती एक लांब 'आ' घ्यायची आणि त्याच्या आधी श्वास. भाऊ म्हणाला, श्वास नंतर पुसून टाकतो.

संपल्यावर तिच्या वडिलांनी शब्दांचा कागद मागून घेतला, पूर्ण वाचला, आणि म्हणाले, "हे बरंय. हे लोकांनी ऐकलं पाह्यजे. प्रबोधन हाय."

त्या एका शब्दावर तिचं गाणं चालू झालं. आमच्याकडे हे असंच चालतं. मुलगी गाते म्हटलं की भुवया वर जातात. मुलगी प्रबोधन करते म्हटलं की सतरंजी टाकली जाते. टँकरच्या मागणीसाठी गावात बैठक झाली तेव्हा तिच्या वडिलांनी मोबाइलवर ते गाणं सगळ्यांना ऐकवलं. "पोरगी पाण्यावर गाती," असं सांगत फिरायचे. तिला आणखी दोन ठिकाणी बोलावणं आलं आणि घरून हो आलं.

मग भावाने स्पर्धा काढली. तिच्या गाण्याची नुसत्या आवाजाची फाइल त्याने नेटवर ठेवली. जिल्ह्यातल्या कुणीही तिचा रिमिक्स करून पाठवावा. जिंकेल तो रिमिक्स त्या लग्नसराईत शहागंजच्या एका चाचांच्या साउंड बॉक्सवर गावोगाव वाजणार होता. चाचा मंडप आणि साउंड भाड्याने द्यायचे. परीक्षक तिघे: चाचा, भाऊ आणि मी.

स्पर्धेचं पत्रक अर्थातच मी लिहिलं. भावाने एक अट सुचवली होती, की रिमिक्समध्ये मूळ शब्द राहिले पाहिजेत. मी ती खोडली.

"अट घातली की ती स्पर्धा राहत नाही, जाहिरात होते," मी म्हणाले. "नावं झाकायची. नुसते नंबर. कानाला जे लागेल त्याला गुण. कुणाची कीव नाही, कुणाची ओळख नाही."

"अगं, गाणं तुझंच आहे," भाऊ म्हणाला.

"म्हणूनच."

मला स्वतःचं ते उत्तर इतकं आवडलं होतं की मी ते घरी येऊन वडिलांनाही सांगितलं.

निकालाच्या आदल्या आठवड्यात ती मुलगी शिफ्ट संपवून थेट आमच्या घरी आली. कंपनीचा निळा शर्ट अंगावरच होता. आईने चहा दिला. पाण्याचे दिवस आहेत म्हणून तिने अर्धाच कप मागितला. आई आत गेल्यावर म्हणाली, "ताई, एक बोलू?"

"बोल ना."

"लोकायनी लई कायकाय बदलून पाठवलं असंल. तुम्ही शब्दवालं निवडा. शब्द गेले तर अण्णा मला नाय जाऊ देणार. त्यायला वाटतं मी भाषणच करते, फक्त चालीत."

हे ती हसून म्हणाली. मी नाही हसले. म्हणाले, "परीक्षकाला असं कुणी काही सांगायचं नसतं."

"बरं," ती म्हणाली, आणि कप विसळायला आत न्यायला लागली. मी म्हणाले राहू दे, पाणी नको वाया घालवू. त्या संभाषणातलं माझं शेवटचं वाक्य हेच आहे.

चाचांच्या गोदामात दुपारी बसलो. बाहेर शहागंजचा गलका, आत शटर अर्धं ओढलेलं, एका भिंतीला माणसाएवढे काळे बॉक्स, दुसऱ्या भिंतीला पाण्याचे निळे ड्रम, त्यांवर झाकण म्हणून ॲल्युमिनियमच्या पराती. बेस वाजला की पराती खडखडायच्या. चाचांनी एका परातीवर वीट ठेवली, मग दुसरीवर, मग म्हणाले, "जिसमें सब थालियां नाचे, उसकू फर्स्ट दे देते. छुट्टी."

बरेचसे रिमिक्स लवकर बाद झाले. एकाने मधे शिट्ट्या घातल्या होत्या. एकाने तिचा आवाज इतका पळवला होता की चाचा म्हणाले, "बच्ची कू सर्दी हो गई क्या?" शेवटी दोन उरले.

पहिल्यात माझे सगळे शब्द जसेच्या तसे होते, खाली हलगी आणि ठोका. नेटकं काम. पत्रक जसं चारही बाजूंनी समास सोडून छापावं तसं.

दुसऱ्यात एकही शब्द नव्हता.

ज्याने कुणी ते केलं त्याने तिचा फक्त 'आ' घेतला होता आणि त्याच्या आधीचा श्वास. भावाने तो श्वास गाण्यातून पुसला होता, पण नेटवर ठेवलेल्या फाइलमध्ये तो तसाच राहिला होता. सुरुवातीला नुसता श्वास, मग श्वास आणि ठोका, मग सूर चढत चढत गेले, थांबले, आणि त्या शांततेत तिने दम घेतला. पुढे 'आ' येईल म्हणून आम्ही तिघे थांबून राहिलो आणि तो आला नाही. पुन्हा श्वास. मग आला, आणि ठोका पडला, आणि विटा ठेवलेल्या परातीसुद्धा वाजल्या. माझ्या मानेवर काटा आला होता. पाणी नसण्याबद्दल मी लिहिलेल्या सगळ्या ओळींत जे नव्हतं ते त्या थांबण्यात होतं. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

"ये नक्को," चाचा म्हणाले. "अच्छा है, पण नक्को. शादी में औरतां बोल सुनते. बोल होना." त्यांनी शब्दवाल्याला नऊ दिले, बिनशब्दाच्याला पाच.

भावाने उलटं केलं: बिनशब्दाच्याला नऊ, शब्दवाल्याला सहा. म्हणजे एका गुणाने शब्द पुढे होते, आणि माझे गुण राहिले होते.

भाऊ म्हणाला, "घरचे शब्द आहेत, सांभाळ बाई." तो थट्टा करत होता. त्याला तिच्या चहाबद्दल माहीत नव्हतं. मी त्याला सांगू शकले असते, चाचांनाही. चाचा तर लगेच म्हणाले असते, बच्ची का सवाल है, छोडो. पण मीच लिहिलं होतं, कीव नाही, ओळख नाही.

शब्दवाल्याला मी सात दिले. तेवढीच त्याची लायकी होती. दुसऱ्याला मनात दहा होते. कागदावर लिहिताना हात थांबला, आणि मी नऊ लिहिले. तो एक गुण मी तिच्यासाठी कापला. तेवीस विरुद्ध बावीस झाले. आणखी एक कापला असता तर बरोबरी झाली असती, तिघांनी पुन्हा बसून बोलावं लागलं असतं. मी एकच कापला.

तो रिमिक्स खूप वाजला. चाचांचा अंदाज चुकला. बायकासुद्धा त्यावर नाचल्या. चितेगावातही एका लग्नात वाजला. दोन दिवसांनी तिचे वडील आमच्या घरी आले, तीच पिशवी हातात. माझे वडील त्यांना आदराने आत घेऊन आले. ते भांडायला आले असते तर माझ्याकडे उत्तरं होती. कलेवर, स्वातंत्र्यावर, बाईच्या आवाजावर मी दोन पानं सहज बोलले असते.

ते म्हणाले, "बाळ, त्यात पाण्याचं कुठं गेलं?"

मी म्हणाले, "ते त्याच्या भावनेत आहे, काका."

"असंल," ते म्हणाले. "मला नाय सापडलं. पोरीचा दम ऐकू येतो त्यात. पोरं त्या दमावर शिट्ट्या मारीत होती. मी तिथं जेवायला बसलो व्हतो." मग माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, "साहेब, कागद मागून घेऊन पूर्ण वाचला व्हता मी. कागदावर व्हतं सगळं."

वडिलांनी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन गेले. रागावले नाहीत, आणि तिला पुन्हा कुठे पाठवलं नाही. ते गेल्यावर वडील मला म्हणाले, "तू निकाल नियमाने दिलास. त्यात चूक नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या ट्रान्सची बाजू घेतली, आणि मला वाटलं, याच वेळी नको होती.

ती मला नंतर एकदा पैठण रोडवर थांब्यावर भेटली. निळा शर्ट, डबा, बसची वाट. मी काय बोलावं ते ठरवत होते, तोवर तीच म्हणाली, "ते गाणं हाय का तुमच्या मोबाइलात? मी नीट ऐकलंच नाय. घरी लावता येत नाय."

मी इअरफोन तिच्या हातात दिले. तिने दोन्ही कानांत घातले, मला एकही ठेवला नाही. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं तोंड दिसत होतं. एका ठिकाणी तिने स्वतः दम धरला, तेव्हा मला कळलं गाणं कुठे पोचलंय. बस आली आणि गेली. तिने परत लावायला सांगितलं, मी लावलं.

इअरफोन काढून, वायर नीट गुंडाळून तिने मला परत दिले. "लई भारी केलंय," ती म्हणाली. "मी असती तर मी बी हेच निवडलं असतं."

मला हायसं वाटायला हवं होतं. मी म्हणाले, "मला तुझं बोलणं लक्षात होतं गं. मी त्याला पूर्ण गुण नाही दिले."

"किती दिले?"

"नऊ."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. थट्टा करतेय का ते मला ओळखता आलं नाही. "एक कशाचा कापला?" ती म्हणाली. "गायले व्हते ना मी चांगलं?"

"चांगलं गायली होतीस."

"मग?"

पुढची बस आली तेव्हा तिने डबा काखेत घेतला, चढली, आणि खिडकीपाशी जागा मिळाल्यावर हात केला. मीही केला. इअरफोन तिने गुंडाळले होते तसेच बरेच दिवस माझ्या पिशवीत राहिले.