आखाजीला हजर असलेला पहारेकरी

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी घरात फारसा बोलत नाही. जेवताना माझे ओठ हलतात, पण ती बेरीज असते. जळगावच्या एमआयडीसीत माझा प्लास्टिकच्या चटया विणायचा छोटा कारखाना आहे. चटयांचे काठ शिवायचं काम मेहरूणला आमच्या घरामागच्या शेडमध्ये चालतं आणि ते बायको पाहते. कारखान्याची हजेरी मी ठेवतो, शेडची ती ठेवते. पगारपत्रक मात्र दोन्हीकडचं मीच लिहितो, कारण सात आणि एक यांत फरक दिसेल असं अक्षर घरात फक्त माझं आहे.

त्या सकाळी काठ शिवणाऱ्या अक्का टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात मुलीच्या नर्सिंग कॉलेजची चिठ्ठी होती. पाच एप्रिलपर्यंत अठ्ठावीस हजार भरायचे होते, नाहीतर दुसऱ्या वर्षाला नाव लागणार नव्हतं.

“भाऊ, उचल मिळी का?”

माझा नियम ठरलेला होता. उचल अर्ध्या पगारापेक्षा जास्त नाही, आणि मार्चअखेर तर मुळीच नाही. अक्कांचा पगार तेरा हजार. मी साडेसहा हजारांचा आकडा सांगितला, तोही दहा एप्रिलनंतर. मला वाटलं, आता डोळ्याला पदर लागेल. पण अक्का “बरं भाऊ” म्हणाल्या आणि चिठ्ठीची घडी घालून शांतपणे कामाला लागल्या. मला जरा खटकलं. नकार इतक्या सहज घेणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मी स्वतःही घेत नाही.

तरी मी हिशेबाकडे वळलो. वर्ष बंद करताना माझी एक सवय आहे. पगारपत्रक एकटं तपासायचं नाही, हजेरीशेजारी ठेवून ओळीन्‌ ओळ लावायची. पगार, कापलेला व्यवसाय कर आणि भरलेल्या कराचं चलन, हे तिन्ही एकाच रेषेत आले पाहिजेत. पुरुषांचा पगार दहा हजारांच्या वर असला तर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. फेब्रुवारीचे ते वरचे शंभर कापायला लोक विसरतात आणि मग मालकाच्या खिशातून जातात. पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर नाही, तरी सरसकट सगळ्यांचा कापणारे हुशार मालक माझ्या पाहण्यात आहेत. आमच्या शेडचे पहारेकरी आबा यांचा पगार आठ हजार. दहा हजारांच्या आतले म्हणून त्यांचे महिन्याला एकशे पंचाहत्तर.

आबांना बायकोने गेल्या एप्रिलपासून ठेवलं होतं. ते रात्री आम्ही झोपल्यावर यायचे आणि आम्ही उठायच्या आत जायचे. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चोरी होत नव्हती, त्याअर्थी पहारा नीट चालला होता. थंडीत मी माझा जुना निळा स्वेटरही त्यांच्यासाठी दिला होता. संक्रांतीला धुळ्याला गेलो तेव्हा तसाच स्वेटर मेहुण्याच्या अंगावर दिसला, आणि बाजारात एकसारखा माल किती येतो याचं मी कौतुक केलं होतं.

हजेरी लावता लावता मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या तारखेवर आलो. आखाजीला आमच्याकडे कोणी काम करत नाही. बायका माहेरी जातात, झोके बांधतात. माझी बायकोही धुळ्याला माहेरी गेली होती. सगळ्यांच्या नावापुढे ‘सुट्टी’ होतं. आबांपुढे ‘हजर’ होतं.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खानदेशातला माणूस आखाजीला कामावर आला आणि त्याने दुप्पट पगार मागितला नाही! गेले अकरा महिने एका गरीब माणसाची एका दिवसाची मजुरी माझ्याकडे अडकून पडली होती. आठ हजार भागिले तीस, दोनशे सहासष्ट रुपये सदुसष्ट पैसे. मी पूर्ण दोनशे सदुसष्ट पाकिटात घातले, वर ‘आबा, आखाजी’ असं लिहिलं आणि स्वयंपाकघरात गेलो.

“आबांना आज थांबवून घे. हे मला माझ्या हाताने द्यायचंय. त्यांची माफीही मागायचीय.”

बायकोचं लाटणं थांबलं. “कसली माफी?”

“ते आखाजीला आले होते.”

“छे! शेडची किल्ली तर मी धुळ्याला नेली होती.” एवढं बोलून तिने जीभ चावली.

“मग हजेरी कोणी मांडली?”

“जायच्या आधी मीच. सगळा आठवडा एकदम.”

“आणि त्यांच्या पगाराच्या व्हाउचरवरचा अंगठा?”

तिने डावा अंगठा वर केला. “माझा. उजव्याला पीठ होतं.”

मी पाटावर बसलो. ती लाटत राहिली आणि बोलत राहिली. माणसांना घरचं काही निघालं की माझ्याकडे यायची भीती वाटायची. मी नियम सांगायचो, मग ते तोंड पाडून तिच्याकडे जायचे. शेवटी तिने एक माणूस कामावर ठेवला, जो पगार घ्यायचा पण खर्च करायचा नाही. आबांचा पगार डब्यात जायचा आणि डब्यातून ज्याला लागेल त्याला. लोक थोडे थोडे परत करायचे.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“तुम्ही सोडून सगळ्यांना.”

“आणि स्वेटर?”

“भावाला थंडी वाजत होती.”

तिने पिठाच्या डब्यामागून एक वही काढली. मी दोष शोधायच्या तयारीने उघडली आणि मला तो सापडला नाही. अकरा महिन्यांचे सात हजार आठशे पंचवीसप्रमाणे शहाऐंशी हजार पंचाहत्तर जमा. लोकांकडे चौऱ्याहत्तर हजार. डब्यात बारा हजार पंचाहत्तर. मी नोटा मोजल्या, बरोबर होत्या. शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलं होतं: ‘अक्का, मुलीची फी, २८,०००, पाच तारखेच्या आत.’ खाली ‘सोळा हजार कमी. बघू.’

“हे ‘बघू’ म्हणजे काय?”

“एप्रिलला आबांचा पगार आला असता. बाकीचे भावाकडून.”

आता पेच माझा होता. नसलेल्या माणसाचा पगार खर्चात दाखवून मी वर्ष बंद करू शकत नव्हतो. तो खोटा खर्च ठरला असता, आणि सीएसमोर मी मान खाली घालून कधी बसलेलो नाही. पण आबांना काढलं की डबा बंद, आणि डबा बंद झाला की अक्कांची मुलगी घरी.

दुपारभर मी खतावणी घेऊन बसलो. अठ्ठ्याऐंशी हजार पगारखर्चातून बाहेर काढले. चौऱ्याहत्तर हजार ‘कामगार उचल’ या नव्या खात्यावर नावानिशी टाकले, बारा हजार पंचाहत्तर रोख शिल्लक. उरले एकोणीसशे पंचवीस, आबांचा व्यवसाय कर. तो सरकारजमा झाला होता. परत मागायचा तर ज्याचा कर भरला तो माणूसच नाही असं माझ्या सहीने लिहून द्यावं लागलं असतं. एवढं धाडस माझ्यात नाही. ते मी माझ्या घरखर्चात घातले. बायकोला सांगितलं, “या महिन्यात मला चहा कमी.”

मग अर्ध्या पगाराच्या नियमावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘शिक्षण व दवाखाना यांसाठी जास्त उचल, सही घेऊन, हप्त्याने.’ डब्यातल्या बारा हजार पंचाहत्तरात पंधरा हजार नऊशे पंचवीस घातले आणि अक्कांना बोलावलं. दोन हजारांचे चौदा हप्ते ठरले.

अक्कांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “म्हणजे भाऊ, तुमले समजनं?”

“समजलं.”

“आबा गया का मंग?”

“एकतीस मार्चला काम सोडताहेत.”

“भला माणूस व्हता,” अक्का म्हणाल्या, आणि दोघी पदर तोंडाशी धरून अशा हसल्या की मला पंखा लावायचं निमित्त करून उठावं लागलं.

स्वयंपाकघरात राहिलेलं ते दोनशे सदुसष्टचं पाकीट मी परत मागितलं. बायको म्हणाली, ते आबांच्या हक्काचे होते, त्यांनी आंब्यांसाठी बाजूला ठेवलेत. आखाजी जवळच होती. मी ते घरखर्चात लिहिलं.

चार तारखेला अक्कांनी फीची पावती दाखवायला आणली. मी तिची प्रत उचलीच्या व्हाउचरला टाचणी लावून ठेवली आणि उचलीच्या वहीत त्या नोंदीपुढे सही मागितली. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर वळवत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

“आबांनी कधी सही नई मांगी,” त्या म्हणाल्या.

“म्हणून तर त्यांना जावं लागलं,” मी म्हणालो, आणि वही पुन्हा पुढे सरकवली. “तारीखही टाका.”