न पेटवायची चूल

केनवडहून, माझ्या माहेरून, फोन आला तेव्हा मी मालेगावात तुरीची डाळ निवडत बसले होते. दिगंबर गेला. माझा धाकटा भाऊ, सकाळी अंगणात येऊन बसला आणि बसल्या जागीच कलंडला. मी पोचले तर दारात माणसं जमलेली, आणि गल्लीतले दोघं-तिघं त्याच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवायच्या खटपटीत. अंगणात तीन दगडांची चूल आयतीच मांडलेली होती. त्यांनी तिच्यात कपाशीची वाळकी पऱ्हाटी सारली, काडी ओढणार, एवढ्यात मी ओरडले, "त्या चुलीले हात लावू नका. दुसरे दगड आना." भावाचं तोंड पाहायच्या आधी मी चुलीवरून भांडले. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण बिचाऱ्यांनी कुठून तरी विटा आणल्या. त्याला आता दीड महिना होईल. तेव्हा त्यांना सांगायचं राहिलं ते इथं सांगते.

दिगू शिल्पकार होता. लहानपणी पोळ्याला मातीचे बैल करायचा, आणि त्याचे बैल नेहमी थकलेले दिसायचे. आई म्हणायची, याचे बैल जुवाखाली जाऊन आले. पुढे नागपूरला शिकला, पुण्यात राहून चौकाचौकांतले पुतळे केले आणि पुतळ्यांना विटला. मग दूरच्या एका देशातून काम आलं. तिथं एका जमातीची माणसं, त्या जमातीत जन्मली एवढ्याच गुन्ह्यासाठी, गावंच्या गावं वेचून मारली होती. जी थोडी वाचली त्यांना मेलेल्यांचं स्मारक करायचं होतं. त्यांनी दिगूला जळालेल्या एका गावाचा फोटो पाठवला. भिंती नाहीत, छपरं नाहीत, घराघराच्या जागी चुलीचे तीन दगड तेवढे उरलेले. तो फोटो तो महिनाभर खिशात घेऊन हिंडला. शेवटी म्हणाला, त्या गावाच्या माळावर जितकी घरं होती तितक्या चुली मांडायच्या, बाकी काही नाही.

स्मारकाच्या समितीतल्या काहींना उंच खांब हवा होता, आणि निदान एका चुलीत कायमची ज्योत. दिगू अडून बसला. हातचं काम जाईल, जरा नमतं घे, असं मीच त्याला समजावलं होतं. तेव्हा तो म्हणाला, "आपल्याकडं मानूस गेलं त चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकर घेऊन येतात. तिथं आनाले कोनी राह्यलंच नाही, ताई. त्या चुली इझल्या त्या इझल्याच. तेच त सांगाचं हाये." मग मी नमतं घे म्हणायचं सोडलं. शेवटी समितीनेही ऐकलं.

पण एक चूक त्याने केलीच, आणि ती पकडली मी, याचा मला आजही तोरा आहे. सुट्टीत तो केनवडला आला आणि अंगणात खडे मांडून सगळा नमुना मला दाखवला. स्वयंपाक करणारीचं तोंड पूर्वेला यावं, आपल्याकडे तेच शुभ, म्हणून सगळ्या चुली एका रांगेत, एका दिशेला. मी म्हटलं, "ही काय शाळेतली कवायत हाये? आपल्या मायची चूल कुठं होती रे पूर्वेले?" आमच्या आईने चूल दाराकडे तोंड करून मांडली होती. भाकरी थापता थापता तिला फाट्यावरून येणारा रस्ता दिसायचा, आणि नुसत्या चालीवरून ती सांगायची, कोण येतंय ते. दिगूने हाताने सगळे खडे विस्कटून टाकले.

तिकडे गेल्यावर त्याने वाचलेल्यांनाच एकेकाला बोलावून विचारलं, तुमची आई कुठं तोंड करून बसायची? कोणाची विहिरीकडे, कोणाची गोठ्याकडे. एका म्हातारीला काही केल्या आठवेना. ती दगडांमागे उकिडवी बसली, बसल्या बसल्या सरकत गेली, आणि एका जागी थांबून रडायला लागली. तिथून तिला टेकडी दिसत होती. दिगूने तिची चूल तशी लावली.

तिथलं काम आटोपून तो केनवडलाच राहायला आला. आईचं स्वयंपाकघर पाडून तिथं कधीच अंगणाची फरशी झालेली. त्याने शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून तीन दगड आणले आणि आईची चूल होती तिथंच, तशीच मांडली. दर खेपेला मी म्हणायची, पेटव रे एकदा, भरीत करते. तो हसायचा फक्त. मला त्याला त्या चुलीवरचं भरीत खाऊ घालायचं होतं, एवढीच माझी हौस. आता वाटतं, बरं झालं नाही ऐकलं. आणि नाही, बरं नाही झालं... हेही वाटतं.

मागच्या आठवड्यात तिकडून पत्र आलं. स्मारक खुलं होतंय, त्या दिवशी दिगंबरच्या आठवणीत एक चूल पेटवली तर चालेल का, असं त्यांनी मला विचारलंय. दोन दिवस मी पत्र उशाशी ठेवलं. माझ्या भावासाठी कुणी तरी जाळ करावा, असं मला खूप वाटलं, खोटं कशाला सांगू. मग नको म्हणून कळवलं.

कळवल्यावर केनवडला गेले. त्या तीन दगडांमागे, आई बसायची तिथं बसले. अंगणाच्या दारातून फाट्याचा रस्ता दिसतो. एसटी थांबली, तिघं उतरले, गावाकडे चालू लागले. तिघांचीही चाल मी नीट पाहून घेतली, आणि मगच उठले.