मशीन 'लावली' म्हणजे नेमकं काय केलं?

आमच्या बियाण्याच्या प्लांटवर पहिल्याच दिवशी मला एक नियम सांगितला गेला. शिंदेकाका, सगळ्यांत जुने ऑपरेटर, म्हणाले, "ताई, मी मशीन लावली म्हणलं की लावली. इचारायचं न्हाई."

मी विचारत राहिले, म्हणून तर माझ्याकडे एवढे किस्से साठले.

एक पीक संपवून दुसरं सुरू करण्याआधी मशीन 'लावतात'. कॉलेजच्या पुस्तकात या कामाला अख्खं प्रकरण होतं. इथे एकच क्रियापद. त्यात काय काय येतं, हे मला कळायलाच हवं होतं. कारण ट्रेनिंगनंतर मला प्लांटवर ठेवायचं की परत ऑफिसात बसवायचं, हे काका आणि सुपरवायझर देशमुखसाहेब ठरवणार होते.

*

काकांना विचारलं, मशीन लावायला किती वेळ लागतो?

"पाना उचलल्यापासून चहा येईपर्यंत."

एकदा चहा लवकर आला. त्या दिवशी मशीन दहा मिनिटांत लागली!

*

देशमुखसाहेबांचं लावणं बोर्डावर व्हायचं. 'बाजरी' पुसून 'ज्वारी' लिहिलं की झालं. एकदा बोर्डावर ज्वारी होती आणि पोत्यात बाजरी पडत होती. मी दाखवलं. साहेबांनी नीट निरखून पाहिलं, आणि बोर्ड पुसला.

*

पॅकिंगच्या सुमनमावशी टेंभुर्णीच्या. डबा खाताना त्यांनाही विचारलं.

"चकलीच्या सोऱ्यात शेवेची ताटली घातली म्हणून लगेच शेव पडती का? आतलं चकलीचं पीठ आधी कोण काढील?"

मग काकांना का सांगत नाही? तर म्हणाल्या, एकदा सांगितल्तं. तेव्हापासून काका त्यांच्या हातची चकली खात नाहीत.

*

परवा मका संपला, हरभरा घ्यायचा होता. चाळण्या बदलल्या. काका म्हणाले, लावली. साहेबांनी 'लाइन रिकामी'चं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. त्यावर तपासणाऱ्याची, म्हणजे माझी, सही लागते.

मी धान्य वर नेणाऱ्या पट्ट्याचं खालचं झाकण उघडलं. दोन मुठी मका निघाला.

दोन मुठींनी कोणाचं वावर बुडत नाही, असं काकांचं म्हणणं. साहेबांनी टेम्पो उभा असल्याची आठवण दिली, आणि माझा ट्रेनिंगचा रिपोर्ट आजच लिहायचाय याचीही.

काका म्हणाले, "सही करा जल्दी. मंग आम्ही बी करतो तुमच्या कागदावर."

मी सगळा मका त्या कार्डावर ओतला.

"नाही करणार. मशीन लागलेली नाही."

काकांनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी काकांकडे. मग काकांनी पुन्हा पाना उचलला.