पान पुरं होईस्तोवर

पोस्टमननं कोपरा फाडलेलं कार्ड उंबऱ्याबाहेरूनच पुढे केलं, तेव्हाच समजलं की कोणीतरी गेलं. आमच्याकडे असलं कार्ड घरात घेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. मी ते वाचलं आणि फाडलं नाही. वासुदेव कावीळ होऊन नाचणगावले वारला, दिवस झाले की एकदा येऊन जा, तुमच्यासाठी एक वस्तू ठेवली आहे... अक्षर कोणा शेजाऱ्याचं होतं, पण बोलणं वहिनीचंच, म्हणजे वासुदेवच्या बायकोचं. मी कार्ड खिशात घातलं आणि पहिल्यांदा काय आलं असेल मनात, तर राग. मेला आणि मले न सांगता मेला, असा राग. माझा स्वभावच तसा आहे, दुःखसुद्धा मला आधी मुठीत येतं.

या पुरवणीच्या वाचकांना वासुदेव भोयर त्याच्या तीन कथांमुळे माहीत आहे. त्या कथांतली माणसं फार हळुवार बोलतात, एकमेकांच्या अंगावर पांघरूण घालतात. तो काय काम करायचा, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसेल. तो ठाण्यात मोहरीर होता. रपटा म्हणजे फिर्यादी, पंचनामे, जबान्या, सगळं लिहायचं काम त्याचं. मी त्याच ठाण्यात शिपाई होतो. ठाणं वर्धा जिल्ह्यातलंच, जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हाचं; गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं आजही माणसं नोकरीत आहेत. मी आता नोकरीत नाही. तो लिहायचा, मी मारायचो, अशी आमची वाटणी होती. संपादकांनी चार गोड आठवणी लिहा म्हणून सांगितलं आहे. गोड असत्या तर लिहिल्या असत्या.

वासुदेवचं दुखणं एकच होतं. त्याला एक कादंबरी पुरी करायची होती आणि वेळ मिळत नव्हता. पोलीस लाइनीतल्या दोन खोल्या, चार लेकरं, खोकणारी माय, आणि ड्यूटीला ना आगा ना पिछा. पहाटे उठून लिहायला बसायचा तर धाकटी रडायची. मग पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून लिहायचा. एकदा लिहिता लिहिता पाय थांबला, पोर रडून रडून काळीनिळी पडली, आणि वहिनीनं दौत उचलून भिंतीवर हाणली. ती निळी भिंत मी पाहिली आहे. मला म्हणाली, "भाऊजी, सवत असती तं तिच्या झिंज्या धरून तिले बाहेर काढलं असतं. ह्या कागदाले काय धरू मी?" वासुदेव खाली मान घालून काचा वेचत होता. त्या दिवशी तो मला ठाण्याच्या पडवीत म्हणाला की रोज एक तास, फक्त एक तास कोणी दिला, तर मी जन्मभर त्याचा गुलाम होईन.

तो तास मी त्याला दिला. कसा दिला, ते सांगतो.

ठाण्यात मागच्या अंगाला एक खोली होती. चोरीचा, मारामारीचा माणूस आणला की आधी तिथं जायचा. मी आणि माझा पट्टा. तो कबूल होईस्तोवर बाहेर मोहरीराला काही काम नसे; कबूल झाला की मी हाक मारायची, मग त्यानं येऊन जबानी लिहायची. या मधल्या वेळात वासुदेव टेबलाच्या खणातून आपली वही काढायचा. खोलीच्या भिंतीत एक झरोका होता, त्यातून मला त्याचा उजवा हात दिसायचा, हात आणि टाक. टाक पळत असला की मला बरं वाटायचं. सुरुवातीला मी नुसती हाक मारायला उशीर करायचो. पण नुसतं गप्प बसलं तर ठाणेदार डोकावायचे, आवाज का थांबला म्हणून. म्हणून आवाज चालू ठेवावा लागायचा... आवाज कशानं चालू राहतो, हे काय वेगळं सांगायचं? माणूस कबूल झालेला असायचा आणि माझा पट्टा चालू असायचा, कारण बाहेर माझ्या दोस्ताचं पान पुरं व्हायचं होतं. वासुदेवला यातलं काही माहीत नाही, असं मी समजत होतो. कधी कधी तो सकाळी आल्या आल्या विचारायचा, "शेषराव, आज कोनी हाय का आत?" आणि मी हसायचो. लाज वाटते लिहायला, पण तेव्हा मी हसायचो.

किसन नावाचा एक जण होता, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा. हिंगणघाटच्या बाजारातून सायकल चोरली म्हणून त्याला आणला. आडदांड माणूस, पण तिसऱ्या फटक्यातच गुडघ्यावर आला. घेतली म्हणे, सायकल मीच घेतली. मी झरोक्यातून पाहिलं. टाक असा पळत होता की तसा आधी कधी पळाला नव्हता. पुन्हा घेतली म्हणून ओरडू नये म्हणून मी किसनच्या तोंडात त्याचंच धोतर कोंबलं आणि पुढे चालू केलं. त्यानं डोकं वाचवायला हात वर केला, पट्ट्याचं पितळी बक्कल मनगटावर बसलं आणि काडी मोडल्यासारखा आवाज झाला. तेव्हाच बाहेर बायामाणसांचा कालवा ऐकू आला, म्हणून मी थांबलो. सायकल मालकाच्या पुतण्यानंच नेली होती, हे पंधरा दिवसांनी कळलं.

तो कालवा गिरजाबाईचा होता. अल्लीपूरकडच्या एका खेड्यातली ती बाई. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणातून तिच्या नवऱ्याला त्याच्या चुलतभावानं, सदाशिवनं, भर दुपारी वावरात कुऱ्हाडीनं तोडलं होतं. दोन घाव मानेवर, एक पाठीत. तिच्या लुगड्यावर पदरापासून निऱ्यांपर्यंत रक्त वाळलं होतं, आणि डोळे कोरडे. वासुदेवनं कादंबरीची वही बाजूला सारली आणि त्याच टाकानं रपट लिहायला घेतली. तिनं सांगितलं ते मी दारात उभा राहून ऐकलं. चार-पाच वाक्यं होती. मी भाकर घेऊन गेलती, सदाशिव धुऱ्यावरून आला, कुऱ्हाड घातली, हा पडला, मी बोंबलली तं सदाशिव पयाला. एवढंच. वासुदेवनं पान भरून लिहिलं, तिला वाचून दाखवलं, तिनं मान हलवली. त्या वेळी तिला तिच्या स्वतःच्या मरणाची रपट वाचून दाखवली असती तरी तिनं मान हलवली असती. अंगठा घेतला.

ती गेल्यावर त्यानं मला बोलावलं. चेहरा फुलला होता त्याचा. रपटेतली एक ओळ त्यानं मला वाचून दाखवली, की नवऱ्याच्या मानेतून उडालेलं रक्त फुटलेल्या पांढऱ्या कापसावर पडलं आणि बोंडं लाल झाली. मी म्हटलं, असं ती बोलली नाही. तो म्हणाला, "बोलली नाई, पन झालं तं असंच असन ना? सकायपासून हात गरम आहे रे, आपोआप उतरलं." आणि मी काय म्हणावं? मी वाहवा म्हटलं. पाठीवर थाप मारली. माझ्या हाताला किसनच्या मनगटाचं रक्त होतं, ते त्याच्या सदऱ्याला लागलं.

कोर्टात आरोपीच्या वकिलानं त्या एका ओळीवर बोट ठेवलं. ते वावर ज्वारीचं होतं. ज्वारी सोंगणं चालू होतं, आणि आजूबाजूला चार धुऱ्यांपर्यंत कपाशीचं एक झाड नव्हतं. पटवाऱ्याचा कागदच पुढे केला. मग गिरजाबाईला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, हा अंगठा तुझा का? माझा. कापसावर रक्त पाहिलं? नाई पाह्यलं. मग रपटेत काऊन सांगितलं? मी नाई सांगितलं. म्हणजे पोलिसांनी रचलं? ती आमच्याकडे पाहायला लागली, वासुदेवकडे. वासुदेव भिंतीला टेकला होता. दुसरा साक्षीदार आधीच फुटला होता, गिरजाबाईशिवाय पाहणारं कोणी नव्हतं, आणि जी बाई कापूस नसताना कापूस सांगते तिच्यावर भरवसा काय ठेवायचा? सदाशिव सुटला. गावात त्याची डफडं वाजवून मिरवणूक निघाली, गिरजाबाईच्या दारापुढे डफडं जास्त वेळ वाजलं. त्याच आठवड्यात त्यानं तिचा धुरा नांगरून टाकला आणि आडवी आली म्हणून तिला ढेकळानं मारलं. कपाळ फुटलं तिचं.

ती कपाळाला चिंधी बांधून ठाण्यात आली. आम्हाला वाटलं नवी रपट आहे. वासुदेवनं टाक उचलला. तिनं टेबलापुढे उभं राहून पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. मग दुसऱ्या गालावर, मग डोक्यात. मी धावलो, तिचा हात पिरगाळला, एक ठेवूनही दिली. वासुदेव ओरडला, "सोड तिले!" तो कधी ओरडत नसे. मी सोडलं. तिनं आणखी दोन मारल्या, तो उभा राहून खात राहिला, नाकातून रक्त आलं. शेवटी ती दमली आणि टेबलाला धरून म्हणाली, "माह्या नवऱ्याचं रगत भुईवर सांडलं होतं. तुनं ते कापसावर काऊन नेलं?"

वासुदेवनं टाक खाली ठेवला.

चारेक दिवसांनी मागच्या खोलीत एक माणूस होता. मी झरोक्यातून पाहिलं तर टाक नाही, वही नाही, हात टेबलावर उपडे. मी बाहेर आलो, म्हटलं लिही ना, तुझ्यासाठी वेळ काढून राह्यलो. तो म्हणाला, "मले तुहा येळ नको, शेषराव." किती हळू म्हणाला! पण माझं डोकं सणकलं. ज्याच्यासाठी मी माणसं मोडली, तो मलाच नको म्हणतो? मी त्याला कानफटात मारली, सगळ्या ठाण्यादेखत. तो खुर्चीवरून पडला. उठला, खुर्ची सरळ केली, आणि महिन्याभरात बदली मागून घेऊन गेला. पुढे मी माझ्या कर्मानं नोकरीतून निघालो, ती वेगळी कथा आहे.

त्याच्या मरणाआधी दोन-अडीच महिने पुलगावला काही कामानं गेलतो, तेव्हा मन राहिलं नाही म्हणून नाचणगावला त्याच्या घरी गेलो. डोळे हळदीसारखे झाले होते. मी मनात म्हणत होतो की हा आता जुनं काही बोलेल, आपण दोघं रडू, संपेल. त्यानं चहा सांगितला आणि विचारलं, "किसनचा हात कसा आहे आता?" मला त्या विचारण्याचा असा संताप आला की चहा येण्याआधी मी उठलो. दारात वहिनी कप घेऊन उभी होती. तिच्या बाजूनं निघून आलो. तीच शेवटची भेट.

दिवस झाल्यावर गेलो. वहिनीनं एक वही दिली, सरकारी रपटेच्या कागदांची शिवलेली. कादंबरीचं विचारलं तर म्हणाली, ती त्यानं कधीच पुढे लिहिली नाही, पेटीत तशीच आहे. बदली झाल्यावर दर सुट्टीला तो सायकल घेऊन जायचा, ज्यांच्या ज्यांच्या रपटा-जबान्या त्यानं लिहिल्या होत्या त्यांच्या घरी. पुन्हा सांगा म्हणायचा, आणि ते सांगतील तसं लिहून आणायचा. काहींनी हाकलून दिलं, एका गावात कुत्रं अंगावर सोडलं. गिरजाबाईनं दोनदा शेणाचा गोळा फेकून मारला, तिसऱ्या खेपेला सांगितलं. वहिनी पुढे म्हणाली, "भाऊजी, इतके वर्स येळ नाई, येळ नाई म्हनून मले छळलं. अन् ह्याच्यासाठी बराबर भेटला त्याले येळ."

वहीत गिरजाबाईची रपट आहे. पाच वाक्यं, तिच्याच बोलीत, तिच्याच तोंडची. कापूस नाही. आणखी पंधरा-सोळा आहेत. किसनची आहे, त्यात माझं नाव आहे, पट्ट्याचं आहे, तोंडात कोंबलेल्या धोतराचं आहे. वाचताना मला हात वहीवर मारावासा वाटत होता. शेवटची रपट वासुदेवची स्वतःची आहे, रीतसर. मी वासुदेव भोयर, राहणार नाचणगाव, समक्ष हजर होऊन लिहून देतो की... आणि खाली सही नाही, शहाणासुरता लिहिणारा माणूस, पण अंगठा उठवला आहे. मजकूर तीनच वाक्यांचा.

"किसन तिसऱ्या फटक्यात कबूल झालता. मले आयकू आलं. पन माहं पान पुरं व्हायचं होतं, म्हनून मी उठलो नाई."

म्हणजे त्याला माहीत होतं. किसनचंच नव्हे, सगळ्यांचं. सहा वर्षं मी समजत होतो की हे ओझं माझं एकट्याचं आहे, आणि माझ्या दोस्ताला मी त्यातून वाचवलं आहे. मनाशी तेवढंच एक चांगलं काम मोजत होतो, तेही गेलं. शेवटच्या भेटीत त्यानं माझा हात धरला, मला माफ केलं, असं इथं लिहावं असं काल सकाळपासून तीनदा मनात आलं. लेख छान झाला असता. तसं झालं नाही. तो किसनच्या हाताचं विचारत होता आणि मी चहा टाकून निघून आलो.

त्याच्या अंगठ्याच्या शेजारी त्यानं साक्षीदाराची जागा आखून ठेवली होती, कोरी. वही तीन आठवडे माझ्या फळीवर पडून होती. आज सही केली. पूर्ण नाव, बापाचं नाव, आणि शिपायाचा बक्कल नंबर. तो नंबर आता माझा राहिला नाही, तरी लिहिला.