झुलालच्या डोक्यातला पाट

चाळीस वर्षं मी तमाशात राजा झालो, प्रधान झालो आणि एकदा ऐनवेळी राणीही झालो. पण ज्याचा शब्द सारं गाव निमूट ऐकतं असा माणूस मी एकच पाहिला: आमचा झुलाल बारेकरी.

पांझरेकाठची आमची शेती फडाची, म्हणजे सगळ्यांची वावरं एकाच पाटावर. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं आणि कोणत्या वावराला ते कधी द्यायचं, हे एकटा बारेकरी पाहतो. मालकाने स्वतःच्या वावरातही पाण्याला हात लावायचा नाही. त्यामुळे सरपंच पाच-पाच वर्षांनी बदलले, झुलाल तीस वर्षं तसाच राहिला. अठ्ठेचाळीस वावरांची पाळी त्याला तोंडपाठ. कागदावर ती कुठेच नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर त्याच्या उजव्या हातातून फावडं निसटायला लागलं. मग शब्द अडायला लागले. फडाच्या पंचांचे प्रमुख बन्सीलाल आबा. त्यांच्याच वावराचं नाव घेताना तो अडला, तेव्हा लोकांना वाटलं, दोघांचं काही बिनसलं असेल. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मेंदूत गाठ आहे, मुंबईला न्या, असं सांगितलं. मी मुंबईत प्रयोग केले होते, म्हणून मुंबई मला पाठ आहे असं गावाने ठरवून टाकलं. खरं तर मला तिथलं एक थिएटर आणि त्यामागची खानावळ एवढंच ठाऊक. पण आयुष्यभर येत नसलेल्या भूमिका केल्या, त्यात आणखी एक.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई नव्या तऱ्हेच्या फोटोंचा अभ्यास करत होत्या. त्यांनी आम्हाला रंगीत चित्र दाखवलं. मेंदूत पाण्याचे कण सारखे हलत असतात, म्हणाल्या, पण जिथे धाग्यांच्या जुड्या आहेत तिथे ते धाग्याच्या लांबीने सरकतात. पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते मशीन बघतं आणि त्यावरून कॉम्प्युटर वाटा काढतो. बोलण्याची जुडी गाठीने बाजूला रेटली आहे, पण तुटलेली दिसत नाही.

मी राजदरबारातल्यासारखी मान हलवली. झुलालने मात्र विचारलं, पाणी लांबीने न जाता आडवं झिरपलं, तर तिथे बांध फुटला असं समजायचं का? हे समजायला मला दोन वर्षं लागली, बाई म्हणाल्या.

ऑपरेशन पंधरा दिवसांत व्हायला हवं होतं. झुलाल सही करेना. मरणाला तो भीत नव्हता.

"जीव ग्या ते ग्या, नाना," तो मला म्हणाला. "बोली गई ते मी कोन?"

शिवाय त्याची एक अडचण होती, जी मुंबईतल्या कोणाही डॉक्टरला सुचली नसती. पंचांच्या सभेशिवाय पाटाला कुदळ लावायची नाही, हा फडाचा कायदा. डोक्यात पाट आहे हे आता मशीननेच सांगितलं होतं. "पंचेस्ले इचारनं पडी," म्हणत तो चित्र काखेत मारून गावी परतला.

बंधाऱ्याजवळच्या निंबाखाली सभा भरली. चित्र हातोहात फिरलं, उन्हाकडे धरलं गेलं. एकाने ते उलटं धरून पाटाच्या शेपटाकडे पाणी कमी जातं अशी तक्रार केली. दुसऱ्याने निळ्या रंगाबद्दल शंका काढली. डोकं उघडावं की नाही यावर फार कोणी बोललं नाही. गव्हाला पाणी कोण देणार, यावर सगळे बोलले. शेवटी आबांनी ठराव सांगितला: झुलालच्या आजाराबद्दल सभेला खेद वाटतो आणि गव्हाची उरलेली दोन पाणी झाल्यावर ऑपरेशनास सभेची हरकत नाही. म्हणजे सव्वा महिना. सगळ्यांनी हात वर केले. लिहायला लाज वाटते, पण मीही केला. समोर गर्दी दिसली की तिला आवडेल ते करायचं, ही जुनी खोड.

झुलाल उठला. शब्द शोधत, थांबत थांबत बोलला.

"पाट फुटानं पहिले गाळ काढतस, आबा. फुटी ग्या म्हणजे नुसता देखतस. तुम्हना गहू उभा राही, मी आडवा पडसू."

मग त्याने फावडं बायकोच्या, झुंबरबाईच्या हातात दिलं. तीस वर्षं ती त्याची भाकर फडावर नेत होती. "पाळी इले ठाऊक शे," तो म्हणाला.

मगाशी माणसाचं डोकं उघडण्याबद्दल जे गप्प होते, ते बाईच्या हातात फावडं बघून एकदम बोलायला लागले. पण पाळी दुसऱ्या कोणालाच पाठ नव्हती, म्हणून सभेला ते मान्य करावं लागलं.

मुंबईत ऑपरेशनच्या वेळी त्याला जागं ठेवून बोलायला लावलं. त्याने पाळी म्हणायला सुरुवात केली. अठ्ठावीस वावरं नीट झाली. एकोणतिसावं आबांचं, तिथे जीभ अडली. डॉक्टरीणबाईंनी चित्र पाहिलं आणि मोठ्या डॉक्टरांचा हात तिथेच थांबला. थोड्या वेळाने नाव उमटलं. जुडीला चिकटलेला गाठीचा तुकडा त्यांनी राहू दिला आणि त्यावर पुढे किरणांचे शेक दिले.

चैत्रात तो परत आला. हळू बोलतो, पण बोलतो. आबा मात्र गावभर सांगत सुटले की आपल्याच नावाने झुलालची वाचा वाचली. एवढ्यावर न थांबता उसाच्या पाण्याला त्यांनी पहिली पाळी मागितली.

झुलाल बराच वेळ शब्द शोधत राहिला. अख्खा फड वाट बघत उभा होता. मी रंगमंचावर इतकी लांब शांतता कधी पेलली नाही.

"आबा," तो अखेर म्हणाला, "एकोणतिसावी."

आबा दाद मागायला झुंबरबाईकडे वळले. ती पाटाची दारं फोडून पहिल्या वावराला पाणी द्यायला कधीच निघून गेली होती. फावडं तिने नवऱ्याला अजून परत दिलेलं नाही.