तोफखान्याची केबल

धक्क्यावर सगळे त्यांना तोंडावर ‘मिस्त्री’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘तोफखाना’. हे दुसरं नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्याचाही त्यांना राग होता, पण बाकीच्या रागांपुढे तो किरकोळ. कुणी पाना घेऊन जागेवर ठेवला नाही की तोफ धडाडे. कुणी इंजिनाच्या झाकणावर चहाचा कप ठेवला की दुसरी धडाडे.

सगळ्यात मोठा राग पसाऱ्यावर. त्यांच्या घरात इस्त्रीची वायर, पाण्याचा पाइप, पडद्याची दोरी, सगळं गुंडाळून प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेलं असे. बायको शेजारणीला सांगे, “मी जरा वेळ एका जागी बसले ना, की मला धास्ती वाटते. हे मलाही पट्टी मारून भिंतीला लावतील.”

नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटींची इंजिनं मिस्त्रींच्या हाताखालची. चालक बसतो पुढे, इंजिन लटकतं मागे, आणि मधे दोन केबली. एक गियरची, दुसरी रेसची. लिव्हर न्यूट्रलला आणून मिस्त्री आधी गियरची केबल लावत, मग रेसची. इंजिनावरचा छोटा दांडा उठला की रेस वाढते, म्हणून लिव्हर मागे असताना तो आपल्या अडणीला टेकलेला हवा आणि केबलीचं टोक खुंटीवर आपसूक बसायला हवं. ओढून बसवावं लागलं तर ते टोकाचे आटे पुन्हा फिरवत बसत. घाई केलेली त्यांना कुणी पाहिली नव्हती.

त्यातलीच एक बोट त्यांची मुलगी चालवे. परीक्षा देऊन, परवाना काढून, बापाच्या नाकावर टिच्चून. “बोट चालवणं म्हणजे स्कूटी आहे का?” असं ते ओरडले होते. ती म्हणाली होती, “नाही ना, म्हणून तर शिकले.”

आणि तिच्याच हातून बोट धक्क्यावर आदळली. एका आजीबाईंचं मनगट मोडलं. बोटीचं नाक चेपलं. मॅनेजरसाहेबांनी तिला घरी बसवलं आणि चौकशी होईपर्यंत बोटीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. धक्क्यावर जो तो एकच बोलत होता, पोरगी गांगरली, लिव्हर मागे ओढायच्या ऐवजी पुढे रेटली.

“मी मागेच ओढली होती,” ती घरी म्हणाली. “इंजिनच आपोआप किंचाळायला लागलं.”

“आपोआप?” मिस्त्रींच्या हातातली वाटी ताटात आपटली. “त्याच सकाळी नव्या केबली मी टाकल्यात. मी! माझी केबल आपोआप काही करत नाही.”

“म्हणजे मी खोटं बोलतेय?”

“तू घाबरलीस. कबूल कर आणि मोकळी हो.”

“बाबा, तुम्हाला तुमची केबल खरी वाटते आणि मी नाही.”

ती ताटावरून उठली. बायको म्हणाली, “वा, छान झालं. आता दोघांचं जेवण मी एकटीच संपवते.” पण हसलं कुणी नाही. त्यानंतर बापलेकीत बोलणं बंद झालं. निरोप आईमार्फत जात. मिस्त्री चिडून कामाला जात, चिडून परत येत. लोक आपल्या लेकीला नावं ठेवतात याचा राग, लेक कबूल करत नाही याचा राग. आणि आपणही लोकांसारखंच बोललो, याचाही कुठेतरी होताच.

चौकशीच्या दुपारी मॅनेजरसाहेब बोटीवर आले. तिलाही बोलावलं होतं. ती सुकाणूच्या चाकापाशी पुढे बसली. मिस्त्रींनी इंजिनाचं झाकण काढलं आणि साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “बघा. लिव्हर मागे. दांडा अडणीला टेकलेला. केसभर फट नाही.”

साहेब वाकून बघितल्यासारखं करून म्हणाले, “तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही, मिस्त्री. तिच्या जागी आम्ही दुसरं माणूस घेतोय. वाईट वाटून घेऊ नका.”

“साहेब, एक मिनिट,” ती पुढून म्हणाली. “मी बोट लावते तशी लावून बघा ना. धक्क्याचा तो खांब आडवा येतो, म्हणून मला चाक पूर्ण डावीकडे फिरवावं लागतं.”

“फिरव, फिरव,” मिस्त्री खेकसले. “तुझी हौस फिटू दे.”

तिने चाक फिरवलं. बंद इंजिन जड अंगाने वळायला लागलं. अर्ध्यापर्यंत काही नाही. शेवटच्या टप्प्यात दोन्ही केबली तारेसारख्या ताठ झाल्या आणि तो छोटा दांडा, कुणी हात न लावता, अडणीवरून उठला. करंगळी जाईल एवढी फट पडली.

इंजिन वळलं की केबलींनाही त्याच्याबरोबर जायचं असतं. त्यासाठी मागे एक सैल वेटोळं सोडावं लागतं. धंद्यातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण नव्या केबलीचं ते लोंबतं वेटोळं मिस्त्रींना बघवलं नव्हतं. त्यांनी ते पट्ट्यांनी बोटीच्या भिंतीला चोख आवळून टाकलं होतं. मग ट्रायलला बोट नदीत सरळ नेऊन सरळ आणली, आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

लेक पुढे होती, तिला दांडा दिसत नव्हता. साहेब घड्याळ बघत होते. खिशात पक्कड होती. दोन पट्ट्या कापायला लागतो तेवढाच वेळ. नंतर पेट्रोलात पाणी होतं, म्हणून इंजिन बिथरलं म्हटलं असतं, तर साहेबांनी मान हलवली असती.

“काय मिस्त्री? ठीक आहे ना सगळं?”

मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. मानेवरची शीर फुगली. साहेब सवयीने एक पाऊल मागे सरकले.

“ठीक काय ठीक? डोळे आहेत का तुम्हाला? हे बघा! इकडे या, वाका, नीट वाका! हा दांडा उठलाय. कुणी उठवला? मी! या पट्ट्या कुणी मारल्या? मी! नवशिक्यालासुद्धा कळतं की वेटोळं सैल सोडायचं. आणि मी, एवढी वर्षं हेच करणारा गाढव, ते बांधून टाकतो, कारण काय, तर नीट दिसत नाही! त्या म्हाताऱ्या बाईंचा हात मी मोडलाय. हिने नाही. ऐकलं का सगळ्यांनी? हिने नाही!”

धक्क्यावरचे लोक हातातलं काम टाकून बघत होते. तोफेचं तोंड आतल्या बाजूला वळलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

साहेब म्हणाले, “मग बोट तिच्याकडेच राहील. पण मिस्त्री, यापुढे तुमचं काम दुसऱ्या कुणाला तरी तपासायला लागेल.”

“तपासा. तपासायलाच पाहिजे,” मिस्त्री ओरडले, जणू साहेब नाहीच म्हणत होते.

त्यांनी पट्ट्या कापल्या. वेटोळं सोडलं. ते ओबडधोबड लोंबायला लागलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. आटे पुन्हा जुळवले, क्लिप घातली, झाकण बसवलं. मग ट्रायलसाठी चाकाकडे निघाले, तर लेक जागची हलली नाही.

“उतरा बाबा. ट्रायल मी घेणार.”

“मी मागे बसतो, दांड्याकडे बघतो.”

“उतरा म्हटलं ना.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज त्यांच्याच घरचा होता. “माफ केलंय असं समजू नका. लोकांचं मला काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, घाबरलीस.”

ते उतरले. बोट निघाली, लांब वळसा घालून परत फिरली आणि खांबाच्या दिशेने आली. तिने चाक डावीकडे फिरवलं, लिव्हर मागे ओढली. इंजिन कुरकुरत हळू पडलं.

“अजून!” मिस्त्री धक्क्यावरून किंचाळले. “पूर्ण वळव! अडेपर्यंत वळव!”

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. चाक मात्र अडेपर्यंत वळवलं.