लॉरीत न बसलेला माणूस

सदतीस सालच्या निवडणुकीचा निकाल महाडात आला तेव्हा मी शाळेत शिकवून घरी निघाले होते. बाजारात जिकडे तिकडे पांढऱ्या टोप्या, गुलाल आणि नुसता जयजयकार. आपली माणसं सगळीकडे निवडून आली, असं कोणीतरी ओरडलं आणि मला भर रस्त्यात रडूच आलं. इंग्रजाला त्याच्याच मतपेटीतून उत्तर दिलं होतं की! मग मिरवणूक जवळ आली. पुढच्याच मोटारीत, डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात हार, माझा सख्खा थोरला भाऊ!

दादा म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या गावचा खोत. कालपरवापर्यंत मामलेदारापुढे जरीचा रुमाल बांधून वाकणारा. यानं टोपी कधी चढवली? हसावं की रडावं, मला मेलीला कळेना.

मी शिकलेली, म्हणून बाई असून मला मत होतं. ते मी कुळांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या माणसाला दिलं होतं. मला इंग्रजही जायला हवा होता आणि खोतीही. माझा माणूस सपशेल आपटला. घरी पेढे आले, तेही मी खाल्ले.

आमच्या मोजक्या कुळांनाही मत होतं, आणि जीव टांगणीला लागला होता तो त्यांतल्या एकासाठी. मतदानाच्या दिवशी दादानं टोपीवाल्या उमेदवारासाठी डोंगराखाली भाड्याची लॉरी उभी केली होती. मत असलेली बाकीची कुळं तीत बसून पोलादपूरला गेली. मतदानाच्या खोलीत कोणी कोणाला मत दिलं, देव जाणे. हा एकटा बसला नाही. "जेला मत द्यायचा नाय, त्याच्या गाडीत कसा बसू गो? ती लबाडी झाली," असं बायकोला म्हणाला आणि उन्हातून चालत गेला. अहो, चिठ्ठी गुप्त असते, रस्त्यानं चालणारा माणूस गुप्त असतो होय? बसला असता तर काय बिघडलं असतं! इतका राग आला मला त्याचा, आणि तितकंच भरूनही आलं.

पाठोपाठ शिमगा आला. शिमग्यात आमच्याकडे देवीची पालखी घरोघर नाचते. ती कुठल्या दारी थांबणार, हे खोत ठरवतो. ज्या दारी थांबली नाही, ते घर वाळीत पडलं. मग त्यांच्या भातलावणीला कोणी फिरकत नाही, शेत पडीक राहतं आणि खोत ते काढून घेतो.

मी माहेरी पोचले तर गाव गप्प. त्या कुळाचं नाव काढलं की बायका विषय बदलायच्या.

"पालखी त्यांच्याकडे जाणार ना रे?" मी दादाला विचारलं.

तो सुपारी कातरत होता. "देवीची मर्जी."

"देवीची की तुझी?"

"तुमचीच माणसं निवडून आलीत ना? मग आनंद कर की!" म्हणाला आणि हसला.

दुपारी ढोल त्या आळीत वळला. कुळाच्या बायकोनं अंगण सारवून ठेवलं होतं. सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन ती उभी होती, मागे नवरा हात जोडून. पांढऱ्या टोपीतल्या दादानं नुसतं बोट पुढे केलं. पालखी पुढे गेली. लॉरीत बसून गेलेल्यांपैकी एकानंही मान वर केली नाही.

मी धावत जाऊन दादाची वाट अडवली. "थांबव! नाहीतर मामलेदाराकडे जाईन."

"जा. तो आता आम्हालाच विचारून पाणी पितो."

आणि तो ढोलामागून गेला. मी त्या अंगणात एकटी उभी राहिले. कुळाची बायको सूप घेऊन माझ्यापुढे आली.

"ताई, पदर धरा."

"अगं, मला कशाला?"

"आमी मुंबईला चाललो. देवीच्या ओटीचा नारळ बंद घरात ठेवायचा नाय. तुमी सवाशीण हाव, गावची लेक हाव."

खोताच्या बहिणीनं तिच्यापुढे पदर पसरला. तिनं मला कुंकू लावलं, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. तांदूळ त्या शेतातलेच होते, जे आता दादा काढून घेणार होता.